चार दुरुस्त्या आणि एक टी-शर्ट

पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. शिपाईमामा आदल्या दिवशी खड्डे खणून ठेवतात, पाहुणे येतात, रोप लावताना फोटो निघतो आणि 'अमुक इतकी झाडे लावली' असा अहवाल वर जातो. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावले जाताना आम्ही पाहिले आहे. आपणही पाहिले असेल. अहवालातला आकडा खोटा नसतो. रोपे खरोखरच लावलेली असतात. फक्त मार्च-एप्रिलमध्ये त्यांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्या आकड्यात कुठे बसत नाही.

हे आठवण्याचे कारण म्हणजे संगणकाच्या जगातला एक उत्सव. त्यातही असाच आकडा आहे आणि पाण्याचा असाच प्रश्न आहे. या उत्सवात भारतातले, महाराष्ट्रातलेही, विद्यार्थी मोठ्या उत्साहाने भाग घेतात. महाविद्यालयांतून त्याची प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात. हळूहळू शाळांच्या संगणक मंडळांपर्यंतही असे उपक्रम येऊ लागतील. म्हणून त्याची बरी आणि वाईट, दोन्ही बाजू शिक्षकांनी आधीच पाहून ठेवाव्यात असे आम्हाला वाटते.

भर घालायची म्हणजे काय करायचे?

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत इतरांना देता येते, त्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. अशी हजारो सॉफ्टवेअर लहानमोठ्या गटांनी, पुष्कळदा पगाराशिवाय, तयार केली आणि सांभाळली आहेत.

त्यात बाहेरच्या माणसाने भर कशी घालायची याची एक रूढ पद्धत आहे. २००८ साली सुरू झालेल्या 'गिटहब' या ठिकाणी असे असंख्य प्रकल्प ठेवलेले असतात. आपण प्रकल्पाची स्वतःपुरती एक प्रत करून घ्यायची, त्या प्रतीत हवा तो बदल करायचा आणि 'हा बदल मूळ प्रकल्पात सामावून घ्या' अशी विनंती पाठवायची. या विनंतीला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती, म्हणजे 'मेंटेनर', ती वाचते, तपासते, शंका विचारते आणि मग बदल स्वीकारते किंवा नाकारते. आपल्या सोयीसाठी या लेखात त्यांना 'सांभाळणारे' म्हणू.

या व्यवहारात एक विषमता आहे. पुढचे सगळे समजून घ्यायला ती लक्षात ठेवायला हवी. विनंती पाठवणारे कितीही असू शकतात. तपासणारे मोजकेच असतात. आणि बदल करायला एक मिनिट लागले, म्हणून तपासायलाही एकच मिनिट लागेल असे नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी नेणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

उत्सव आणि त्याचा हिशेब

न्यूयॉर्कच्या 'डिजिटलओशन' या कंपनीने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये 'हॅकटोबरफेस्ट' सुरू केला. म्युनिकच्या प्रसिद्ध ऑक्टोबर-उत्सवाच्या नावावरून हे नाव घेतले आहे. कल्पना साधी होती: ऑक्टोबर महिन्यात मुक्त स्रोत प्रकल्पांत ठरावीक संख्येने भर घाला आणि एक टी-शर्ट मिळवा. पहिल्या वर्षी ६७६ जण सामील झाले. पुढे ही संख्या हजारांत आणि मग लाखाच्या घरात गेली. ठिकठिकाणी महाविद्यालयांत, कार्यालयांत, संगणक-मंडळांत लोक एकत्र बसून पहिली दुरुस्ती पाठवू लागले.

या कल्पनेचे श्रेय तिला द्यायला हवे. नवख्या माणसाला सर्वात जास्त भीती पहिल्या पावलाची असते. 'एवढ्या मोठ्या प्रकल्पात मी काय सांगणार?' हा संकोच अनेक हुशार मुलांना दूर ठेवतो. शेजारी कोणी बसले, वेळ ठरलेली असली आणि थोडे बक्षीस असले तर हा संकोच मोडतो. आज उत्तम काम करणाऱ्या अनेकांची सुरुवात अशाच एखाद्या ऑक्टोबरात झाली आहे.

मात्र २०२० साली या उत्सवाचा हिशेब उघडा पडला. त्या वर्षी चार विनंत्या पाठवणाऱ्या पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट मिळणार होता. टी-शर्ट नको असेल तर आपल्या नावाने एक झाड लावून घेण्याची सोयही होती! विनंती गिटहबवरील कोणत्याही खुल्या प्रकल्पाला पाठवली तरी चालत होती. त्या प्रकल्पाने उत्सवात भाग घेतला आहे की नाही, हे कोणी विचारत नव्हते. विनंती निरर्थक असेल तर तिच्यावर तशी खूण करण्याचे कामही सांभाळणाऱ्यांवरच टाकलेले होते.

१ ऑक्टोबरला जगभरच्या सांभाळणाऱ्यांच्या दारात विनंत्यांचा ढीग येऊन पडला. कोणी प्रकल्पाच्या माहितीपत्रकात 'हा एक अद्भुत प्रकल्प आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य जोडले होते, कोणी एक स्वल्पविराम हलवला होता, तर कोणी एक शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घातला होता. या विनंत्यांपैकी पुष्कळ भारतातून आल्या होत्या. त्याचे एक कारण लवकरच समजले. आपल्याकडच्या एका लोकप्रिय हिंदी संगणक-वाहिनीने विनंती कशी पाठवायची हे दाखवणारा व्हिडिओ केला होता आणि उदाहरण म्हणून माहितीपत्रकात असाच एक किरकोळ बदल करून दाखवला होता. पाहणाऱ्यांनी पद्धत उचलली, आणि तिच्याबरोबर उदाहरणही जसेच्या तसे उचलले.

संयोजकांनी चूक मान्य केली आणि अवघ्या काही दिवसांत नियम बदलले. ३ ऑक्टोबरपासून ज्या प्रकल्पाने स्वतःहून 'आम्ही सहभागी आहोत' असे जाहीर केले असेल तेथीलच विनंत्या धरल्या जाऊ लागल्या. नुसती पाठवलेली विनंती पुरेशी राहिली नाही. ती स्वीकारली जाणे आवश्यक ठरले. पुढे २०२३ साली टी-शर्टऐवजी संगणकावरचा बिल्ला देण्यात आला.

दोष मुलांचा नव्हे

या प्रसंगावरून भारतीय विद्यार्थ्यांची बरीच टिंगल झाली. ती आम्हाला मान्य नाही. या मुलांनी नेमके तेच केले जे त्यांच्याकडून मोजले जाणार होते. चार म्हटले, चार पाठवल्या. विज्ञानाच्या प्रयोगवहीत गुरुत्व त्वरणाचे मूल्य वर्गातल्या साठही मुलांचे ९.८ येते तेव्हा आपण काय म्हणतो? मुले लबाड आहेत असे म्हणून सोडून देता येते. पण थोडा विचार केला तर लक्षात येते की गुण निरीक्षणाला नसून उत्तराला आहेत, हे मुलांनी अचूक ओळखले आहे. लंबकाचा दोर मोजण्यात कुठे चूक झाली याला गुण असते, तर साठ वेगवेगळी आणि खरी उत्तरे आली असती.

बक्षीस नसतानाही असे घडू शकते. २०२४ च्या सुरुवातीला 'एक्स्प्रेस' या संकेतस्थळे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात विनंत्यांचा असाच पूर आला. कारण पुन्हा एका भारतीय शिकवणीतले उदाहरण! शिकणाऱ्यांनी सराव म्हणून आपापली नावे खऱ्याखुऱ्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात लिहून पाठवली. तिथे टी-शर्ट नव्हता. उदाहरण निवडताना समोर कोणी माणूस आहे, त्याला हे वाचावे लागणार आहे, एवढेच शिकवायचे राहून गेले होते. ही चूक आम्हा शिकवणाऱ्यांच्या जातीची आहे आणि ती तशीच कबूल करायला हवी.

पाच मिनिटांचा हिशेब

'एक स्वल्पविराम बदलला तर कोणाचे काय बिघडले?' असे कोणी विचारील. साधा हिशेब करून पाहू. समजा, निरर्थक विनंती उघडणे, वाचणे, तिच्यात खरेच काही नाही याची खात्री करणे, सभ्य शब्दांत नकार लिहिणे आणि ती बंद करणे यांना मिळून पाच मिनिटे लागतात. अशा साठ विनंत्या आल्या तर तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास झाले. नोकरी सांभाळून रात्री एक तास या कामाला देणाऱ्या माणसाची ही पाच रात्रींची कमाई. त्या पाच रात्रींत एखादा खरा दोष सुटू शकला असता. साठ मुलांच्या नावावर साठ योगदाने जमा झाली आणि प्रकल्पाच्या खात्यातून पाच रात्री वजा झाल्या. दोन्ही आकडे खरे आहेत, पण अहवालात पहिलाच येतो.

आणि हा वेळ किती मोलाचा आहे हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवले आहे.

'ओपनएसएसएल' हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरले जाते. २०११ च्या अखेरीस एका बाहेरच्या अभ्यासकाने पाठवलेला बदल त्यात सामावला गेला. तो तपासला गेला होता; पण किती अक्षरे परत पाठवायची याची मर्यादा पाहणारी एक अट राहून गेल्याचे तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटले. मार्च २०१२ मध्ये तो दोष जगभर गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीला आला. 'हार्टब्लीड' या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. त्या वेळी एवढ्या महत्त्वाच्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक.

दुसरी घटना २०२४ ची. 'एक्सझेड' हे फायली दाबून लहान करणारे साधन लिनक्सबरोबर सर्वत्र असते. ते वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच माणूस सांभाळत होता आणि तो थकला होता. एका अनोळखी नावाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगली, उपयोगी भर घातली, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि मग त्यात छुपे चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो असे जाणवले. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी कट जाहीर झाला.

पहिल्या घटनेत मनापासून केलेली मदत होती, दुसरीत कपट. दोन्हींत कमी पडले ते भर घालणारे हात नव्हेत. जाणती, विश्रांत आणि सावध नजर कमी पडली. म्हणून आमचे मत असे आहे की योगदान-मेळाव्याची परीक्षा करताना किती विनंत्या गेल्या हे विचारू नये. त्या मेळाव्याने तपासणाऱ्यांचा वेळ वाढवला की खर्च केला, हे विचारावे.

वेगळ्या रीतीचे मेळावे

असे मेळावे होऊच शकत नाहीत असे मुळीच नाही. 'ओपनबीएसडी' या कार्यप्रणालीच्या मंडळींनी जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे एकत्र बसून काम केले. 'हॅकेथॉन' हा शब्द आज स्पर्धेसाठी वापरला जातो; तेव्हा तो अशा एकत्र बसण्यासाठी वापरला गेला. संकेतलेखनाच्या सॉफ्टवेअरवर अमेरिकेचे निर्यात-निर्बंध होते, म्हणून जागा कॅनडातली. माणसे होती दहा. सगळी आज्ञावली जाणणारी, त्यामुळे एकाने लिहिलेले दुसरा तिथेच तपासू शकत होता.

पण अशा बैठकीत नवख्याला जागा नाही, ही तिची मर्यादा. ती 'डेबियन' प्रकल्पाच्या 'बग स्क्वॉशिंग पार्टी'त, म्हणजे दोष-निवारण मेळाव्यात, बरीच भरून निघते. १९९३ साली सुरू झालेला डेबियन हा लिनक्सचा एक मोठा, स्वयंसेवकांनी चालवलेला संच आहे. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी जे गंभीर दोष दूर व्हायलाच हवेत त्यांची यादी तयार असते. एखाद्या शनिवार-रविवारी जाणते आणि नवखे एकत्र बसतात आणि त्या यादीला भिडतात. काम प्रकल्पाने आधीच मागितलेले असते.

यात नवख्याला काय करता येते? आज्ञावलीची एक ओळही न लिहिता तो सांगितलेला दोष आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहू शकतो. कोणती आवृत्ती होती, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे नीट लिहिले की जाणत्याचे अर्धे काम होते. कधी जुना दोष आता उरलेलाच नाही असे आढळते आणि यादीतली एक नोंद कमी होते. हे वर्णन कशासारखे आहे? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीची ती पाच शीर्षके आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. दुसऱ्याने सांगितलेले निरीक्षण स्वतः पडताळून पाहणे ही विज्ञानाची मूळ सवय येथे खऱ्या गरजेपोटी वापरली जाते, आणि तिने सांभाळणाऱ्यांचा वेळ खर्च न होता वाढतो.

शिक्षकांना करण्याजोगे

आपल्या भाषेशी जोडलेले एक उदाहरण देतो. 'रेड हॅट' कंपनीत भाषांतराचे काम करणाऱ्यांनी २००८ च्या सुमारास 'फ्युएल' नावाचा उपक्रम सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणारे शब्द निवडायचे, प्रत्येक भाषेच्या जाणकारांना एकत्र बसवायचे आणि शब्दागणिक चर्चा करून प्रतिशब्द ठरवायचे, अशी त्याची रीत. मराठीचाही त्यात समावेश झाला. अशा बैठकीत दिवसभरात थोडेच शब्द होतात. संख्या पाहिली तर फळ किरकोळ. पण नंतर भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाचे श्रम त्यामुळे वाचतात.

विज्ञान शिक्षकांसाठी तर काम समोरच आहे. कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा प्रकल्प कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली सुरू केला. त्यातली विज्ञान-प्रतिकृतींची आज्ञावली खुली आहे आणि स्वयंसेवक त्यांची निरनिराळ्या भाषांत भाषांतरे करतात. मराठीतही झाली आहेत. आता भाषांतरात 'वस्तुमान' हवे तेथे 'वजन' पडले, किंवा 'चाल' आणि 'वेग' एकच मानले गेले, तर संगणक काहीच तक्रार करणार नाही. प्रोग्रॅम सुरळीत चालेल. ही चूक ओळखणार नववीला विज्ञान शिकवणारे सर किंवा बाई. इतकी वर्षे वर्गात हाच घोळ निस्तरण्यात गेली, त्या अनुभवाची मुक्त स्रोताला गरज आहे.

म्हणून आपल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात कोणी योगदान-दिवस घ्यायचे सुचवले तर जरूर घ्यावा. पण आधी तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम त्या प्रकल्पाने मागितले आहे का? आपण पाठवू ते तिकडे कोण तपासणार आणि त्याला तशी कल्पना दिली आहे का? आणि मुलांचे काम तिकडे जाण्याआधी आपल्यापैकी कोण पाहणार? सराव करायचाच असेल तर तो शिक्षकाने स्वतः उघडलेल्या सरावाच्या प्रकल्पात करावा. तेथे साठ मुलांनी साठ वेळा आपले नाव लिहिले तरी कोणाची रात्र वाया जाणार नाही.

प्रमाणपत्रेही द्यावीत. मुलांना ती हवी असतात आणि त्यात वावगे काही नाही. फक्त आमची एक सूचना आहे. कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये झाला असेल तर त्याचा अहवाल एप्रिलमध्ये लिहावा. किती विनंत्या पाठवल्या हा आकडा त्यात शेवटी द्यावा. त्याआधी, किती स्वीकारल्या गेल्या, नकार आला तेव्हा मुलांनी तो वाचून काय सुधारले, आणि ऑक्टोबर संपल्यावरही कोणी त्या प्रकल्पाकडे पुन्हा गेले का, हे लिहावे. साठांतली दोन मुले गेली असतील तर त्या दोघांची नावे आम्हाला अवश्य कळवावीत.